फिटिंगच्या पिशव्या

शिंपी मास्तरांच्या दुकानातून ढगळ कपडा कधी बाहेर गेला नाही. गिऱ्हाईक "जरा सैल ठेवा" म्हणालं, की मास्तर मान डोलवायचे आणि शिवायचे मात्र अंगाबरोबर. वर म्हणायचे, "सैल काय, पोतंसुद्धा असतं."

आणि नेमकं पोत्यांचंच काम त्यांच्या गळ्यात पडलं. मास्तरांची लेक किनाऱ्याची इंजिनियर होऊन गावात परतली होती. समुद्र दर वर्षी गावाची पुळण, किनाऱ्यावरची सगळी वाळू, खात चालला होता. होड्या ओढून ठेवायलाही आता जागा उरली नव्हती. बंदर समितीच्या अध्यक्षांना सिमेंटची भिंत हवी होती. भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते, भिंत राहते आणि पुळण जाते, हे लेक सांगून सांगून दमली. तिला वाळू भरलेल्या जाड कापडाच्या मोठमोठ्या पिशव्यांचा बांध घालायचा होता. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "या उधाणाला तुझा बांध टिकला तर ठीक. नाहीतर भिंत."

"बाबा, पिशव्या ढिल्या शिवा हं," लेकीनं बजावलं होतं. मास्तरांनी मान डोलावली.

व्हायचं तेच झालं. लेकीचं पहिलंच काम, सगळं गाव बघणार, आणि त्यात बापाच्या हातचा माल गबाळा? मास्तरांनी एकूण एक पिशवी फिटिंगला घेतली. लेक वाळू धरून ठेवणारी रोपं आणायला गेली होती, तेवढ्यात मजुरांनी पिशव्या भरून रचल्यासुद्धा. टम्म, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. मास्तर लांबून बघत मिशीत हसत होते.

संध्याकाळी साधीच भरती आली. पहिल्या लाटेला वरची पिशवी डुलली, दुसरीला गडगडली, आणि मग एकामागून एक सगळ्या भोपळ्यांसारख्या किनाऱ्यावर लोळायला लागल्या. अध्यक्षांना हसू आवरेना.

"आज लाट जरा तिरकी होती," मास्तर पुटपुटले.

"शिवता येईना आणि समुद्र वाकडा!" मास्तरीणबाईंनी तिथल्या तिथे हाणलं.

लेक मात्र हसली नाही. ती एका टम्म पिशवीवर हात ठेवून उभी राहिली. "ढिली पिशवी खालच्या पिशवीवर बसते, बाबा. अंग टाकून बसते, म्हणून हलत नाही. आता वाळू कमी केली तर बांध बुटका होईल, आणि नवं कापड उधाणाच्या आत येत नाही." तिनं पिशवीवरचा हात काढून घेतला. "गेली आपली पुळण."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं नाक वर राहावं म्हणून केलं, आणि तेच त्यांनी कापलं होतं.

"शिवणीच्या आत दुमडून माया किती ठेवलीत?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"चांगली चार बोटं. दोन्ही अंगांना."

"मग आता तिथं उभं राहून रडताय काय? लेकीवरची माया सोडायला कुणी सांगत नाहीये, पिशवीतली सोडा!"

लेक एकदम वळली. "चार बोटं? दोन्हीकडून? पुरेल, बाबा! वाळू तेवढीच, पिशवी मोठी!"

सकाळी पिशव्या रिकाम्या झाल्या. दुकान, ओटा, शेजाऱ्यांचं अंगण, जिथं बघावं तिथं कुणी ना कुणी शिवण उसवत बसलेलं. मास्तर मशीनवर वाकले ते उधाणाच्या आदल्या दिवशीच उठले. प्रत्येक पिशवी शिवून झाली की लेकीला दाखवायचे आणि विचारायचे, "एवढी ढिली?" ती म्हणायची, "अजून." मास्तर डोळे मिटून अजून सोडायचे. शिवून झालेली पिशवी मजूर लगेच भरून बांधावर रचायचे.

उधाण आलं ते सगळा राग काढायलाच. दिवसभर लाटा बांधावर चढल्या, आपटल्या, फेसाळत मागे गेल्या. पिशव्या दबल्या, पसरल्या, एकमेकींच्या अंगावर रेलल्या आणि तिथंच राहिल्या. ओहोटी लागली तेव्हा मागची वाळू जागच्या जागी होती. लेकीनं बापाला सगळ्यांदेखत घट्ट मिठी मारली, आणि मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांना चष्मा पुसायचंही सुचेना.

अध्यक्ष बांधावर चढले, दोनदा उड्या मारून पाहिल्या. "टिकला बुवा! भिंत रद्द," ते म्हणाले. मग खाली बघून त्यांनी खोड काढलीच, "पण मास्तर, काय हे? सगळ्या लोळागोळा. माप चुकलं वाटतं."

"नाही," मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "आधी चुकलं होतं, तेव्हा ते माझं होतं. हे माझ्या लेकीचं माप आहे."