आईला न विचारता लिहिलेला टँगो

मी एक जुना बँडोनियन आहे. दोन्ही बाजूंना बटणे, मध्ये भाता. मांडीवर घेऊन ओढले-दाबले की मी गातो. जन्म जर्मनीतला, पण सारे आयुष्य गेले ब्वेनोस आइरेसच्या बराकास वस्तीत. मला दोन्या (म्हणजे बाई) फिलोमेनाने घरी आणले. लोकांचे कपडे इस्त्री करून ती एकटी मुलाला वाढवत होती. एका वादकाच्या विधवेचे कपडे तिने दोन वर्षे इस्त्री केले आणि मोबदल्यात मला मागून घेतले, दहा वर्षांच्या एवारिस्तोसाठी.

मित्रांनो, विसाव्या वर्षी एवारिस्तो मला घेऊन एका वाद्यवृंदाबरोबर दूरच्या रोसारियो शहरात निघून गेला. चार वर्षांत त्याने आईला एक पत्र टाकले नाही. परतला तो एक टँगो, म्हणजे नाचायचे गाणे, लिहूनच. त्यात पांढऱ्या केसांची आई खिडकीशी रडत बसते, रडत रडतच मरते, आणि मुलगा तिच्या थडग्यापाशी क्षमा मागतो. गाणे वस्तीभर गाजले. खरे सांगतो, ते वाजताना मलाही गहिवरून येई.

एका दुपारी क्लबात तालीम चालू असताना फिलोमेना आत आली. कमरेचा एप्रनही तिने सोडला नव्हता.

"मी मेले कधी रे?"

वादक खो खो हसले. एवारिस्तो ओशाळून म्हणाला, "आई, गाणं आहे ते. टँगोत आई अशीच असते."

"कोपऱ्यावरचा खाटीक मला विचारतो, दोन्या फिलोमेना, आज खिडकीतून उठलात वाटतं? खिडकीत बसायला वेळ होता कुणाला? रडले ते एकदाच. तुला न्यूमोनिया झाल्याचं परक्याकडून कळलं तेव्हा. मग तोंड धुतलं आणि सहा शर्ट इस्त्री केले. बाकी चार वर्षं मी चिडलेली होते. ते का नाही लिहिलंस?"

"चिडलेल्या आईवर कोण नाचणार?"

"नका नाचू! पण हे वाद्य मी हात भाजून घेऊन मिळवलंय. ह्याच्यावर माझं खोटं रडणं वाजायचं नाही."

तिने मला पेटीत घातले आणि उचलून चालू लागली. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

नऊ दिवस मी इस्त्रीच्या टेबलाखाली मुका पडून होतो. दहाव्या दिवशी एवारिस्तो आला. इस्त्रीसाठी शर्टांवर पाणी शिंपडू लागला. मग त्याने विचारले, "मी गेलो त्या दिवशी तू काय केलंस?"

"हे आत्ता विचारतोयस?"

"हो. आत्ता."

ती सांगत गेली. ऐकता ऐकता त्यालाच रडू फुटले.

"रड," ती म्हणाली, "तुझी पाळी आहे. शर्टावर मात्र नको."

तिने मला परत त्याच्या हाती दिले, आणि कार्निव्हलच्या नाचाला नवे गाणे झाले. त्यातली आई म्हणत होती, "मी खिडकीत नाही, कामावर आहे. क्षमा अजून केलेली नाही. जेवायला मात्र ये." कुणीच नाचेना. वाद्यवृंदाचा प्रमुख डोळे वटारून एवारिस्तोकडे बघत होता. तेवढ्यात मागून वस्तीतल्या धोबिणी ओरडल्या, "पुन्हा! पुन्हा म्हण!" दुसऱ्या वेळी फिलोमेनाने खाटकाचा हात धरून त्याला मैदानात ओढले. "चला, मेलेली बाई कशी नाचते ते बघा!"

आज आई नाही, मुलगाही नाही. माझ्या भात्याला ठिगळे आहेत, बटणे पिवळी पडली आहेत. तुमच्यापैकी कुणी मला दुरुस्त केले तर उपकार मानीन. पण मित्रांनो, आईवर गाणे लिहायचे असेल तर आधी तिच्याकडे जा, तिला विचारा. ती चिडलेली असली तर चिडलेलीच लिहा. दुसरे काही घेऊन आलात, तर कितीही भाता ओढा, मी सूर देणार नाही.