रुहीच्या मंडळातली पाचवी जागा

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या एका स्वयंपाकघरातला जुना स्पीकरफोन आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी जळतो. त्या लॅपटॉपवर.

मला रुहीच्या बाबांनी आणलं. २००४ साली रुहीचे आईबाबा अपघातात गेले. तिला सांभाळायला अनिलकाका आणि अहिल्याकाकू होते. पण त्यांच्यावर लक्ष ठेवायला पाच जणांचं मंडळ असावं, असं मृत्युपत्रात होतं. महिन्यातून एका रविवारी मंडळाचे प्रमुख त्र्यंबककाका आमच्या टेबलाशी बसत आणि बाकीचे चौघे माझ्यातून बोलत. काय थाट होता माझा!

२००७ मध्ये मंडळातले दोघे भारतात परतले. दोन जागा रिकाम्या झाल्या, आणि नेमका तेव्हाच कॅमेरावाला लॅपटॉप घरात आला. रेडमंडचे गुरुदत्तकाका पडद्यावर हसले, त्यांनी हात हलवला, आणि एक जागा पाच मिनिटांत भरली. मी कोपऱ्यात धूळ खात बघत होतो.

दुसऱ्या जागेवर रुहीला हवी होती ॲन आर्बरची शोभनामावशी, तिच्या आईची कॉलेजातली रूममेट. आईच्या गोष्टी सांगणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. मावशीकडे कॅमेरा नव्हता, म्हणून माझी आठवण झाली.

"शोभनाताई, येता का मंडळात?" त्र्यंबककाकांनी विचारलं.

"मी? नको हो. तुमच्यात मी कशाला?"

"बरं, नो प्रॉब्लेम." त्यांनी नाव खोडलं. "मग आमच्या पुतण्याला, संग्रामला घेऊ. वेबकॅमही आहे त्याच्याकडे."

मी आतल्या आत तडफडलो. मावशीनं फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास मला ऐकू येत होता. लॅपटॉपला काय कळणार त्यातलं?

काकांचं बोट माझ्या बटणाकडे निघालं.

"काका, वेट," रुही म्हणाली. तेरा वर्षांची ही पोर मीटिंगमध्ये कधी बोलत नसे. "मावशी पोळीलापण आधी नको म्हणते. मग तीन खाते. आस्क हर अगेन."

अहिल्याकाकूंना हसू आलं. "खरंय. एकदाच विचारून मोकळे झालो आपण. आग्रह करायचं विसरलो की काय इथे येऊन?"

त्र्यंबककाका खाकरले. "शोभनाताई, आहात का लाइनवर?"

"आहे की."

"या हो. रुहीला तुम्हीच हव्या आहात."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाली, "येते. मला वाटलं, परत विचारतच नाही तुम्ही."

पुढच्याच महिन्यात रुहीनं मावशीला पोस्टानं वेबकॅम पाठवला. घ्या! तेव्हापासून मी गराजमधल्या खोक्यात आहे.

मित्रांनो, कुणी नको म्हणालं तर निदान दुसऱ्यांदा विचारत जा. मला मात्र एकदा विचारलंत तरी पुरे. मी लगेच हो म्हणेन.