हिंमतरावांचा नर
बिबवेवाडीच्या गळ मंडळातल्या पुरुषांना माशांतलं बाईमाणूस पाण्याबाहेर न काढताच ओळखता येई. नर हिसडा देऊन गळ ओढतो. मादी आधी आमिष उलटसुलट करून बघते आणि तुळशीबागेत फिरल्यासारखी पुढच्या गळाकडे जाते, असा अध्यक्ष हिंमतरावांचा सिद्धांत होता. नर निसटला तर तो लढवय्या, मादी निसटली तर ती लबाड. आणि मोठा मासा म्हणजे नर, याबद्दल तर मंडळात चर्चाही होत नसे.

श्रीधरपंतांना मात्र शंका होती. तशी त्यांना सगळ्याचीच शंका असे. चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेला हा माणूस स्वतःचं नाव सांगतानाही आधी 'बहुतेक' म्हणेल की काय, असं वाटे. माशांवरची पुस्तकं वाचून त्यांनी मंडळाकडे एकच नियम मागितला होता: पावसाळी स्पर्धेत अंडी धरलेली मादी सापडली तर ती बाद, आणि लगेच पाण्यात परत. नियम हसत हसत मंजूर झाला आणि मंडळात वाचणारे तेवढे एकटेच म्हणून परीक्षकही तेच झाले.

जुलैतल्या स्पर्धेत हिंमतरावांनी मांजरी गावापुढच्या तळ्यातून सव्वासहा किलोचा रोहू काढला. पाण्याच्या टपात तो धापा टाकत होता. बक्षिसाची ढाल हिंमतरावांचीच होती. फक्त परीक्षकांनी 'नर' म्हणायचं बाकी होतं.

"करा पंत सही," हिंमतराव म्हणाले. "रुबाब बघा! मिशांना पीळ तेवढा द्यायचा राहिलाय."

श्रीधरपंतांनी टपात हात घातला. छातीजवळच्या पराची आतली बाजू नराची खरखरीत, मादीची गुळगुळीत, असं पुस्तकात होतं. बोटाला पर गुळगुळीत लागला. पोट मऊ, टम्म फुगलेलं. पुस्तक चुकलं असेल, नाहीतर आपलं बोट. त्यांनी पुन्हा चाचपलं.

"मादी आहे," ते म्हणाले. "म्हणजे... असावी. अंडी धरलेली."

"पोट सुटलंय म्हणून? मग आमचे खजिनदार कधी बाळंत व्हायचे?"

खजिनदार सगळ्यांत मोठ्याने हसले.

"पंत, लग्नाला किती वर्षं झाली?" हिंमतरावांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"आणि अजून पुस्तकात बघावं लागतं?"

आयटीतल्या योगेशला हा गोंधळ बघवेना. "सर, डाउट असेल तर व्हेरिफाय करू ना. सिंपल आहे. ओपन करून बघू."

"बरोबर!" हिंमतराव म्हणाले. "फाडा. मादी निघाली तर ताबडतोब पाण्यात सोडू. नियम म्हणजे नियम."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. हा विनोद असेल म्हणून श्रीधरपंतांनी एकेक चेहरा तपासला. तो विनोद नव्हता.

मासे साफ करायला लोणी काळभोरहून आलेल्या वेणूबाई विळी मांडून बसल्या होत्या. "कापायचं हाय का सांगायचं हाय?" त्यांनी विचारलं. "सांगायचं आसंल तर कापाया नगं. पोटावरनंच कळतंय."

"तुम्ही कापा हो. कळण्याचं आम्ही बघतो," हिंमतराव म्हणाले.

श्रीधरपंत टपाजवळ सरकले. नर म्हणावं तर ती कढईत जाणार, मादी म्हणावं तर विळीवर. नियम त्यांनी तिच्यासाठीच तर मागितला होता. "पर एकदा शेवटचा बघतो," असं पुटपुटत त्यांनी दोन्ही हात टपात घातले, रोहूला सदऱ्याशी घट्ट धरलं आणि उठून तडक काठाकडे चालायला लागले.

"अहो! अहो पंत! तिकडे कुठे?"

पंत गुडघ्याएवढ्या पाण्यात वाकले. हात सैल केले. शेपटीचा एक फटका चष्म्यावर बसला आणि ती गेली.

"निसटला?" योगेश ओरडला.

"सोडली," पंत म्हणाले. "नियमाप्रमाणे."

काठावरच, वडापाव हातात घेऊन, समितीची तातडीची सभा भरली. मासा एवढ्या ताकदीने गेला त्याअर्थी नरच, हे पाच मिनिटांत सिद्ध झालं आणि ढाल हिंमतरावांना मिळाली. मग हिंमतरावांनी ठराव मांडला: पुढच्या वर्षीपासून मासा नर की मादी, हे समिती बहुमताने ठरवील. भराभर हात वर झाले. काही हातांत वडापाव तसाच होता.

"विरोधात?" हिंमतरावांनी उगाच रीत म्हणून विचारलं.

मागून एक हात वर आला. कोपरापर्यंत भिजलेला, खवले चिकटलेला.

"हात खाली घ्या पंत, वड्यांवर पाणी ठिबकतंय."

"ठिबकू दे," पंत म्हणाले. "आधी मत मोजा."