गवताने सोडलेली जागा

हेमराजच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर निदान सांगायला सोय झाली असती. पण ते माझ्या मोठ्या शब्दकोशात नीट ठेवलेलं होतं, आणि त्या कोशात मी रोज एखादा तरी शब्द पाहतो. म्हणजे रोज ते मला दिसत होतं.

हेमराज हा माझ्या बायकोचा, ललिताचा, धाकटा भाऊ. तिला तो बाई म्हणायचा. कुरखेड्याकडे धानाची शेती करतो. कानाने अधू आहे म्हणून फोनवर बोलत नाही, पत्र लिहितो. ललिता माघात गेली. त्यानंतरच्या फाल्गुनात त्याचं आंतरदेशीय आलं:

‘जवाईबापू, नमस्कार. मोह गळाले लागला. बांधावरचं झाड बाईचं. बाई नाई, तं आता ते कोणाचं? तुमी सांगा. तुमचा शब्द येईपर्यंत आमी त्याले हात लावत नाई. तब्येतीले जपा.’

ललिताच्या माहेरी अशी रीत होती. लेकीच्या लग्नात एक मोहाचं झाड तिच्या नावाचं करायचं. झाड जागच्या जागीच राहायचं, फुलं मात्र तिची. हेमराज दरवर्षी झाडाखालचा पाला झाडून, पहाटे पडलेली फुलं वेचून, त्यांना दोन उन्हं दाखवून पोत्यात भरायचा आणि एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचा. पोतं आमच्या कोळसाखाणीच्या गावी, घुग्घुसला, आलं की ललिता ते मागच्या अंगणात पसरायची. कोळशाची धूळ बसू नये म्हणून वर आपलं जुनं पातळ झाकायची. मग मोह भाजून, तीळ घालून लाडू. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला ते जायचे.

मी वाचनालयात पस्तीस वर्षं नोकरी केली. खाणीतल्या कितीतरी माणसांना पत्रं लिहून दिली. अक्षर चांगलं, असं लोक म्हणत. हेमराजला मात्र मी दहा-बारा वेळा लिहायला बसलो आणि प्रत्येक वेळी कागद फाडला. कधी शब्द मोठे वाटले, कधी एक खाडाखोड झाली म्हणून. खरं कारण वेगळं होतं. झाड कोणाचं, हे सांगायचं तर आधी ललिता नाही हे माझ्या अक्षरात लिहावं लागणार होतं. पहिलं वर्ष त्यात गेलं. पुढे उशीर झाला याचीच लाज वाटू लागली, आणि लाजेपायी आणखी उशीर.

यंदा मार्चच्या मध्यावर माझ्या सुनेनं, मंजुषानं, माझ्या टेबलावर प्लास्टिकच्या गवताचे चार तुकडे मांडले. प्रत्येक तुकडा वहीच्या पानाएवढा.

“बाबा, हा घ्या तुमचा अभ्यास. मागच्या अंगणात लावाचं आहे. कोणतं घ्याचं ते तुमी सांगा.”

“मी?” मी म्हणालो.

“मंग कोण? ह्यायले तं सगळेच हिरवे दिसतात.”

‘ह्यायले’ म्हणजे माझ्या मुलाला, प्रफुलला. तो खाणीत पाळीवर असतो. जेवता जेवता तो हसला. “बाबाले निवडाले लावलं? मंग निकाल पुढच्या दिवाळीले लागन.”

मंजुषा हसली नाही. ती दवाखान्यात परिचारिका आहे. दिवसभर पांढऱ्या कपड्यांत असते आणि घरी आली की वाळत घातलेले पांढरे कपडे पुन्हा धुते, कारण त्यांच्यावर काळं बसलेलं असतं. “मी गोंडपिपरीची,” ती म्हणाली. “तिथी मागचं दार उघडलं का हिरवं. इथी नऊ वर्षं झाले, दार उघडलं का काळं. मातीत काई लावलं तं जगत नाई. एक हिरवी जागा पाह्यजे, बाबा. खरी नसली तरी चालते मले.”

मी चारही तुकडे उचलून घेतले. कोणी काही ठरवायला मला दिलं, याचा आनंदही झाला होता. खोटं कशाला बोलू?

पाच दिवस मी तो अभ्यास केला. चारही तुकडे अंगणात ओळीने मांडले आणि वहीत नोंदी केल्या. सकाळी चारही मऊ लागत. दुपारी एकला अनवाणी पाय ठेवला आणि तसाच उचलला. आमच्याकडचं ऊन ते प्लास्टिक पिऊन बसतं, आणि गवत जितकं लांब तितकं जास्त. धूळ लांब गवतात दिसत नाही, पण आत जाऊन बसते. तांब्याभर पाणी ओतलं की खालून काळं ओघळतं. आखूड गवतावर ती वरच राहते आणि धुतली की जाते. फिकट हिरव्यात मधूनमधून तपकिरी धागे असलेला आखूड तुकडा मला बरा वाटला. तो जरा खरा दिसत होता. खऱ्या गवतातही थोडं वाळलेलं असतंच.

विकणारा दिनेश मापं घ्यायला आला तेव्हा मी त्याला वही दाखवली.

“काकाजी,” तो म्हणाला, “लोक रंग पाह्यतात अन् पैसे देतात. तुमी तं याच्यात एमए केलं!”

मंजुषानं वही घेऊन सगळ्या नोंदी वाचल्या. “हेच घ्याचं,” ती म्हणाली. “बाबानं सांगलं ना.”

मग दिनेशनं सांगितलं, सगळं अंगण चार बोटं खणावं लागेल. गिट्टीची चुरी टाकून, ठोकून सपाट करायचं आणि वर गवत. मी मान डोलावली. कडुलिंबाखालच्या कोपऱ्याबद्दल बोललो नाही. ललिता मोह वाळवायची ती जागा, खाटेहून थोडी मोठी. चार वर्षांत तिथं काही पसरलं नव्हतं, आणि मंजुषाला एक हिरवी जागा हवी होती. त्यातली जागा मागायची कशी? कोणत्या तोंडानं? असा विचार करत मी वाचत बसलो आणि एक पान तीनदा वाचलं.

खणायला सुकलू आला. साठीचा, वाळका माणूस, कुदळ मात्र नेमकी चालवणारा. दुपारपर्यंत त्यानं सगळं अंगण उकरलं आणि कडुलिंबाखाली येऊन थांबला.

“भाऊ, जरा या जी इकडं. इथी कुदळ लागून नाई राह्यली.”

मी गेलो. त्यानं कडेनं माती काढली होती. वर्षानुवर्षं सारवलेल्या शेणामातीचे थर एकावर एक बसले होते, पापुद्र्यासारखे पातळ. एखाद्या जाड पुस्तकाची कड दिसावी तसे. मला सगळ्याच गोष्टी पुस्तकासारख्या दिसतात, हा माझा दोष आहे. पण ते तसंच दिसत होतं.

“कोणाचा हात आहे हा?” सुकलूनं विचारलं. “मोह वाळवत होत्या का इथी?”

“तुला कसं कळलं?”

“धानाचं खळं उघड्यावर राह्यते, हे झाडाच्या सावलीच्या कडेले आहे. मोहाले आधी ऊन अन् मंग सावली लागते. माह्या मायनं बी असंच केलं होतं.” तो कुदळीवर टेकला. “फोडू का भाऊ? फोडतो म्हटलं तं फुटन. सांगा.”

मी वाकून थरांना हात लावला. सुकलूनं कुदळ उचलली.

“थांब,” मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की मंजुषा स्वयंपाकघरातून धावत आली.

“काय झालं? साप निघाला का?”

“नाही. ही जागा…” मी खाली बोट दाखवलं. “ही जागा सोडता येईल का? एवढीच. प्रफुलची आई इथंच मोह वाळवायची ना. एकदा ताडपत्रीवर वाळवला तर खालून घाम सुटून सगळा आंबला. त्याला सारवलेली जमीनच लागते.”

“मोह?” मंजुषा माझ्याकडे पाहत राहिली. “पण आता मोह येते कुठी आपल्याकडं?”

मी आत गेलो, शब्दकोश उघडला आणि पत्र आणून तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं वाचलं. मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं.

“याचं उत्तर काय देलं तुमी?”

“दिलं नाही.”

तेवढ्यात पाळी संपवून प्रफुल आला. तिनं पत्र त्याच्यापुढे धरलं. वाचता वाचता त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

“अरे बापा,” तो म्हणाला. “मागच्या साली वडशाले एका लग्नात मामाची सून भेटली होती, चंदा. हसून म्हणे, ‘दादा, बाईच्या झाडाखाली आमी जात नाई. हरणं खातात, ढोरं खातात. तुमच्या बाबाची चिठ्ठी कधी येते?’ मले वाटलं मजाक करून राह्यली.”

 चार हंगाम. दरवर्षी ते झाड फुललं, पहाटे फुलं पडली, आणि माझा शब्द नाही म्हणून त्या घरातल्या कोणी टोपली उचलली नाही. मला वाटत होतं, उत्तर न दिल्यानं फक्त माझंच काहीतरी अडून आहे.

“काऊन नाई बोलले बाबा तुमी?” मंजुषा म्हणाली. आवाजात राग होता, पण तो पूर्ण राग नव्हता. “गवत निवडाले पाच दिवस वही लिहिली, अन् ही जागा तुमाले पाह्यजे हे सांगता नाई आलं? चहा पाह्यजे का म्हटलं तरी ‘असू दे’ म्हणता. माणसानं समजाचं तरी कसं?”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि सुकलूकडे वळली. “भाऊ, तेवढी जागा राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी दिनेश कुरकुरला. गवताला काटकोनात कापावं लागेल, रोल वाया जाईल, कोपरा विचित्र दिसेल. “दिसू द्या,” मंजुषा म्हणाली. संध्याकाळपर्यंत फिकट हिरवं गवत पसरलं. त्यावर पाणी मारून ती अनवाणी फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. कडुलिंबापाशी गवत थांबत होतं आणि खाटेएवढी माती तशीच होती.

“अन् सारवन कोण?” तिनं विचारलं. “मले नाई जमत ते. आईंनी शिकवलं होतं, पण मले नाई जमत.”

“मी करतो.”

प्रफुलनं तोंड फिरवलं. हसू लपवत असावा.

आज सकाळी गवळ्याकडून शेण आणलं. सुकलू चुरीची उरलेली पोती न्यायला आला होता. तो उभा राहून पाहत होता. “पुसू नका भाऊ, हात गोल फिरवा. बाई गोलच फिरवत असन.” मी गोल फिरवला. बोटांचे पट्टे उमटले, कुठे जाड, कुठे पातळ. ललितानं पाहिलं असतं तर काही न बोलता पुन्हा सारवलं असतं.

हात धुऊन लिहायला बसलो. या खेपेला कच्चा खर्डा केला नाही.

‘प्रिय हेमराज, उत्तराला चार वर्षं उशीर झाला, चूक माझी. झाड ललिताचंच आहे. ती नाही, म्हणून यापुढे फुलं तू वेच. निम्मी तुझ्या घरात राहू दे आणि निम्मी तिच्या घरी पाठव. यंदा जी उरली असतील ती. वाळवायला जागा आहे. तुझा, धनराज.’

‘ती नाही’ लिहिताना पेन थांबलं, पण पुढे गेलं. तिथं शाईचा एक ठिपका राहिला.

टपाल कार्यालयाच्या पेटीपाशी आलो. पेटीवर नेहमीसारखी धूळ होती. ट्रक जात होते. पाकीट आत सरकवताना दिसलं की नीट धुतलेल्या अंगठ्याच्या कडेला शेणमाती राहिली होती आणि पाकिटाच्या कोपऱ्यावर तिचा ठसा उमटला होता. समोरच्या दुकानात पाकिटं मिळतात. परत जावं, दुसरं घ्यावं, पत्ता पुन्हा लिहावा, असं मनात आलं.

मग हात सोडला. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला.