पंगत उठेपर्यंत

फुलचूरच्या रस्त्याला लागून छोटेलाल पटल्यांच्या घराची एक खोली आहे. तिच्यात धानाची पोती, एक मोडका पंखा आणि उंदीर असे गुण्यागोविंदाने नांदत होते. सून नीतूचा त्या खोलीवर डोळा होता. तिथं खानावळ काढायची आणि पोवार समाजाच्या घरचं रांधायचं: कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांची वडी, लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, वाफाळता भात. तिच्या हाताला चव होती, हे भाऊबंदकीतले लोकही कबूल करत, मग आणखी काय हवं? नवरा उमेंद्र तयार, सासू सुंदरबाई तर कधीचीच तयार. अडून बसले होते ते एकटे मामाजी, म्हणजे नीतूचे सासरे छोटेलाल.

“अन्न इकाचं नसते,” अन्न विकायचं नसतं, एवढंच ते म्हणत आणि विषय संपवत.

एके दिवशी नीतूचा पारा चढला. “मामाजी, तुमी जिंदगीत कधी हाटेलात बसले का?”

“कायले बसू? घरी चूल पेटते न.”

“मंग न पाहताच नाई कसे म्हनता? एक दिवस चाला माझ्यासंगं. दोन-चार ठिकानी खा. तरी नाई म्हनले, त मी त्या खोलीचं नाव काढनार नाई.”

बोलून गेली खरी. सासरे शब्दाचे पक्के होते आणि शब्द पाळण्यात ती त्यांच्यापेक्षा कमी नव्हती. आता जे काय होईल ते त्या एका दिवसावर.

रविवारी सकाळी उमेंद्रनं जुनी गाडी काढली. सुंदरबाईनं मागच्या सीटवर ऐसपैस बैठक मारली. छोटेलाल पांढराशुभ्र सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे पुढे बसले.

पहिला मुक्काम गोंदियाच्या बाजारात, टेकचंद नावाच्या सिंध्याच्या दुकानात. तिथलं दाल-पकवान नीतूचं लाडकं. तळहाताहून मोठी कुरकुरीत पुरी, वर चण्याची दाटसर डाळ, चिंचेची चटणी, बारीक कांदा. छोटेलालनी पहिला तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. नीतूनं श्वास रोखला.

“मोहन बराबर पडलं हाये,” त्यांनी निकाल दिला. तिचा जीव भांड्यात पडला.

पण खरी गंमत पुढेच होती. सगळ्यांचं खाऊन झालं, उमेंद्र पैसे देऊन आला, तरी छोटेलाल जागचे हलेनात. उष्टा हात ताटलीवर धरून नुसते बसून राहिले.

“चाला न, बाबूजी,” उमेंद्र म्हणाला.

“ते जेवून राहिले न अजून,” छोटेलालनी समोरच्या अनोळखी माणसाकडे मान हलवली.

आता आली का पंचाईत! पंगतीत शेवटच्या माणसाचा घास संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मधूनच उठणं म्हणजे जेवणाऱ्याचा अपमान. छोटेलाल जन्मभर पंगतीतच बाहेरचं जेवलेले. हॉटेलची पंगत कधी उठतच नाही, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं होतं? समोरचा उठला की दुसरा येऊन बसे, दुसऱ्याचं होतं न होतं तोच तिसरा. दारात गर्दी वाढली. टेकचंद हात जोडून आला. “काकाजी, यहाँ तो लोग दोपहर तक खाते रहेंगे!”

“खाने दो. आपल्याले कोन्ती घाई?” छोटेलाल शांतपणे म्हणाले.

उमेंद्रला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी नीतूला सुचलं. ती वाकून म्हणाली, “मामाजी, आपल्यासंगं बसले होते ते सारे उठले. आता बसले ते दुसऱ्या पंगतीतले.”

छोटेलालनी इकडं तिकडं पाहिलं, विचार केला आणि उठले. सुंदरबाई पदर तोंडाला लावून गाडीपर्यंत हसत होती.

आमगाव मागे टाकून गाडी देवरीला पोचली. तिथं बसस्टँडजवळ चंदा नावाची छत्तीसगढी बाई फरा करून विकायची. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या लांबट वळ्या, वरून मोहरी-तिळाची फोडणी, संगं टमाट्याची झणझणीत चटणी. जन्मभर धान पिकवलेल्या माणसापुढे तांदळाचंच काही ठेवायचं म्हणजे धाडसच. छोटेलालनी एक फरा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि तिसरा मागून घेतला. सुंदरबाईनं नीतूला कोपरानं ढोसलं. घरी ते भाजीसुद्धा दुसऱ्यांदा मागत नसत!

फोडणीच्या धुरात डोळे पुसणाऱ्या चंदाला त्यांनी विचारलं, “आनि बाई, तू कवा जेवते?”

चंदा खळखळून हसली. “हमन तो सबले पाछू खाथन, बबा!”

आम्ही आपल्या सगळ्यांच्या मागून, असं म्हणून ती पुन्हा कढईकडे वळली. छोटेलालनी पुढचा घास जरा वेळानं घेतला.

दुपार कलती झाली तेव्हा गाडी सडक अर्जुनीच्या ढाब्यावर लागली. बाहेर ट्रकांची रांग. आत शेजारच्या टेबलावर वीरेंद्र नावाचा एक ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून भराभर जेवत होता. घास नीट चावतही नव्हता. पटले कुटुंबाचं दाल-रोटी, शेवभाजी खाऊन झालं. छोटेलाल पुन्हा हात वाळवत बसले. या वेळी नीतूनंही त्यांना उठवलं नाही. दिवसभराच्या धावपळीनं तीही थकली होती आणि मामाजींच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

थोड्या वेळानं ड्रायव्हरच्या लक्षात आलं. “दादाजी, किसका रास्ता देख रहे हो?”

“तुमचाच. आरामसे जीमो. तुमचं झाल्याशिवाय पंगत कशी उठन?”

वीरेंद्र घास हातात धरून बघतच राहिला. मग त्यानं खुर्ची वळवून तोंड यांच्याकडे केलं, आणखी एक रोटी मागवली आणि सावकाश खाल्ली. खाता खाता गावाकडची, लेकीची गोष्ट सांगितली. उठताना छोटेलालच्या पाया पडला. “मैं तो बस पेट भरता हूँ, दादाजी. आज खाना खाया.”

परतीच्या वाटेवर गोरेगाव आलं तरी छोटेलाल खिडकीबाहेरच पाहत होते. नीतूनं मनातल्या मनात खोलीवर पाणी सोडलं. तेवढ्यात पुढून आवाज आला.

“उमेंद्र, त्या खोलीतले पोते उद्या काढ.”

“म्हंजे?”

“अन्न इकाचं नसते, हे मी आताई म्हनतो. पन तो मानूस एकटा भिंतीकडं पाहून जेवत होता रे. आपल्या दारावरूनई असेच किती जात असन. पन नीतूबाई, टेबल-खुर्ची नाई चालनार. पंगत बसवाची.”

नीतूला हसू की रडू कळेना. तिनं दोन्ही केलं.

खोली धुतली, सारवली, उंदरांची रवानगी झाली. पहिल्या दिवशी पहिल्या पत्रावळीवर छोटेलाल बसले. कोचईची वडी मोडली, डोळे मिटले आणि म्हणाले, “आता माह्या घरचं आलं.” तेवढ्यात राईस मिलचे कामगार आले, कॉलेजच्या पोरी आल्या, बसची वाट पाहणारं एक जोडपं आलं. एकाचं संपतं तोवर दुसरा बसे. नीतू, सुंदरबाई आणि उमेंद्र वाढता वाढता घामाघूम. आणि छोटेलाल? मांडी घालून जागच्या जागी! रिकाम्या पत्रावळीवर बसणं बरं दिसत नाही म्हणून मधून मधून चिमूटभर भात मागून घेत.

“मामाजी, हे दुसऱ्या पंगतीतले हायेत,” नीतू कानाशी लागली.

“त्या दिवशी फसलो. आज नाई फसत.”

अखेर शेवटचं गिऱ्हाईक हात धुवून गेलं. पातेल्याच्या तळाशी थोडा भात, थोडी वडी उरली. नीतू पत्रावळी उचलायला वाकली.

“उठा आता, मामाजी. पंगत उठली.”

“कुठं उठली?” छोटेलाल म्हणाले. “तू जेवली का?”

“जेवीन न मी मागून.”

“आनि तुयी सासू?”

सुंदरबाई चुलीपाशी थबकली. या घरात आल्यापासून तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. या नवऱ्यानं तर नाहीच.

“इतक्या पंगती जेवलो,” छोटेलाल पत्रावळीकडे पाहत म्हणाले, “शेवटच्या मानसासाठी थांबलो. पन रांधनारीसाठी कधी थांबलो नाई. उमेंद्र, दोन पत्रावळी मांड. वाढ.”

उमेंद्रनं मांडल्या. वाढताना भात सांडला, वडीचे तुकडे केले, पण वाढलं. सासू-सून समोर बसल्या. सुंदरबाईनं पहिला घास घेताना डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली. चूल तर केव्हाच विझली होती. नीतूचं मन काठोकाठ भरून आलं होतं.

छोटेलालच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तोंड वाकडं होत होतं, पण ते हलले नाहीत. नीतूनं ते पाहिलं, ओठ दाबून हसली आणि उमेंद्रपुढे पत्रावळ सरकवली.

“आनखी थोडा भात वाढा,” ती म्हणाली.