साहेबांचे बूट

वरदाचा हल्ली कोणावरच विश्वास उरला नव्हता. मंत्री तात्यासाहेबांच्या आयुष्यावर टवाळ सिनेमा काढायचा आणि तो लंडनमधल्या स्टॅनमोरच्या हॉलमध्ये आपल्याच मराठी माणसांपुढे दाखवायचा, म्हणजे घरबसल्या दुखणं ओढवून घेणं. नोकरीतल्या सगळ्या सुट्ट्या तिने त्यात घातल्या होत्या. आता एकच भीती होती: हिलाही शेवटी साहेबांनी खिशात घातलं, असं कोणी म्हणायला नको. तसं झालं तर सिनेमातली सगळी हवाच निघून गेली असती.

आणि साहेबांची माणसं चक्क गप्प होती. ना धमकी, ना नोटीस. उलट पहिल्या दोन रांगा त्यांनीच हसतमुखाने बुक केल्या. त्या हसण्याने तर तिची झोप उडाली.

तिचा पहिला संशय अनिशवर. हा स्टॅनमोरमध्येच जन्मलेला, सिनेमात तात्यासाहेब झालेला. गेल्या रविवारी तो साहेबांच्या भाच्याकडे, राजकडे, चहाला जाऊन आला होता.

"काय काय विचारलं राजने?" आज पुन्हा तिने त्याला हॉलच्या दाराशी गाठलं.

"नथिंग, ऑनेस्टली! फक्त वरदा कशी मुलगी आहे विचारला. मी सांगितला, सुपर ट्रॅडिशनल, एल्डर्सना नेहमी नमस्कार करते. ही वॉज लव्हली!"

"लव्हली म्हणे! हे बघ, आज हार नाही, शाल नाही, साहेबांच्या कोणाबरोबर फोटो नाही. कळलं?"

"यू आर बीइंग पॅरानॉइड," म्हणत अनिश आत गेला. वरदाला तेही खटकलं.

सिनेमा सुरू व्हायचा तो साहेबांच्या चकचकीत बुटांवरून. त्या बुटांपुढे एकेक डोकं वाकायचं: बिल्डर, कुलगुरू, अखेर साहेबांना पाडायला निघालेला उमेदवारसुद्धा. हा प्रसंग वरदाचा फार लाडका होता.

थोड्या वेळाने राज पुष्पगुच्छ घेऊन दाराशी आला. तिने तो जागच्या जागी परत केला. तो भिंतीशी उभा राहिला आणि मोबाइल चाळू लागला. वरदाने त्याच्यावरची नजर काढली नाही.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई आल्या. साडीवर जाड कोट, पायांत स्पोर्ट्स शूज, कानांवर लोकरी टोपी. कोणाची तरी आजी, भारतातून आलेली. वरदा धावली, हात दिला.

"बाई गं, काय ही थंडी!"

"या आजी, आत हीटिंग आहे."

"तूच ना ती सिनेमावाली? आई-बापापासून इतक्या लांब, एकटीने एवढं केलंस. कौतुक आहे हो पोरी."

वरदाला एकदम भरून आलं. इतक्या दिवसांत असं कोणी बोललंच नव्हतं. काही कळायच्या आत ती वाकली. डोक्यावर थरथरता हात आला.

"सुखी राहा," आजी म्हणाल्या आणि हात तसाच ठेवून तिच्या पलीकडे बघत त्यांनी विचारलं, "राज, फोटो आला का रे नीट? आला असेल तर पाठव तुझ्या तात्यामामाला. म्हणावं, आईने काम केलं."

"कधीच पाठवला, आजी. सगळ्यांनाच."

वरदा सरळ झाली तेव्हा आतले दिवे मालवले होते. पडद्यावर बूट आले, पहिलं डोकं वाकलं. पुढच्या दोन रांगांत मोबाइल उजळले आणि हशा पिकला. पडद्याकडे कोणीच बघत नव्हतं. अनिशही मोबाइलवरून मान वर करून मागे वळला. आठवडाभर ती त्याच्याकडे जशी बघत होती, तसाच तो आता तिच्याकडे बघत होता.