मोनगार्टनांकडचा पहिला तुकडा

"हॅलो, आपण मोनगार्टन का?"

पलीकडचा माणूस सावध झाला. "हो. पण मला काही विकत घ्यायचं नाहीये."

"मला काही विकायचंही नाहीये. मीपण मोनगार्टनच. नॉर्थ कॅरोलायनातून बोलतेय. तुम्ही मूळचे कुठले?"

आता मात्र पलीकडे चांगलीच शांतता पसरली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात, शनिवारच्या सकाळी, ओळख ना पाळख अशा बाईनं फोन करून 'मूळचे कुठले' विचारावं, आणि तेही असल्या उच्चारात, हे त्या बिचाऱ्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. सरलानं रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि घेवड्याच्या शेंगा मोडणं चालू ठेवलं. माणसानं फोन आपटला नाही म्हणजे तो उत्तर देणार, हा तिचा अनुभव होता.

"डेट्रॉइट," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे वडील तिथले. आजोबा कॅरोलायनातून मोटारींच्या कारखान्यात गेले, असं काहीतरी ऐकलंय."

"आजोबांचं नाव ओटिस?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"एडना आत्याचे थोरले भाऊ ना ते! म्हणजे तुम्ही घरचेच. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे चर्चच्या मागं जमतो. नक्की यायचं. आणि हे बघा, येताना काही आणायचं नाही. नुसतं यायचं."

त्याचं नाव ग्लेन. कॉम्प्युटरच्या कंपनीत इंजिनियर होता. "बघतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. सरलानं मनातल्या मनात त्याच्यावर काट मारली. 'बघतो' म्हणणारा माणूस येत नसतो, हे नागपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

'आम्ही सगळे जमतो' हे ती म्हणाली खरं, पण त्यात 'सगळे' नावाचं फारसं काही उरलेलं नव्हतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मोनगार्टन नावाचे तिघे भाऊ जर्मनीतून बोटीनं फिलाडेल्फियाला उतरले आणि घोडागाड्यांतून या टेकड्यांपर्यंत आले. त्यांच्या भाषेत मोन म्हणजे खसखस आणि गार्टन म्हणजे बाग. तिकडे त्यांची खसखशीची बाग होती असं सरलाच्या नवऱ्याची एडना आत्या सांगायची. ती बाग कुणी पाहिलेली नव्हती, पण खसखशीचा केक मात्र बोटीतून बरोबर आला होता. वर्षातून एकदा सगळे मोनगार्टन जमत आणि तो केक कापला जाई. त्याचा नियम असा, की गाव न सोडलेल्यानं केक कापायचा आणि सगळ्यात लांबून आलेल्यानं पहिला तुकडा खायचा.

एडना लहान असताना तो पहिला तुकडा नदीपलीकडून येणाऱ्या चुलत्याला मिळायचा, आणि त्या गृहस्थाला त्याचा कोण अभिमान! पुढं तो ओहायोवाल्यांना मिळू लागला, मग डेट्रॉइटवाल्यांना, युद्धानंतर टेक्ससवाल्यांना. तुकडा लांब लांब जात होता तसतसं टेबल आखूड होत होतं. मुली लग्न होऊन दुसऱ्या नावांत गेल्या, मुलगे पगाराच्या मागं गेले. आता १९८६ साली काउंटीच्या फोनबुकात मोनगार्टन या नावाची एकच ओळ राहिली होती: एस. मोनगार्टन, मिल रोड. ती ही सरला, माहेरची वैरागडे, मुक्काम पोस्ट नागपूर.

नर्स म्हणून ती इथल्या हॉस्पिटलात आली तेव्हा फर्निचरच्या कारखान्यातला वॉल्टर मोनगार्टन करवतीनं कापलेलं बोट घेऊन तिच्यापुढं बसला होता. बोट लवकर बरं झालं, पण त्याच्या खेपा काही थांबल्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच ऑगस्टला त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं, की नागपूरपेक्षा लांबून कुणी आलं असेल तर हात वर करा. सगळे हसले आणि पहिला तुकडा सरलाला मिळाला. दर वर्षी तोच विनोद व्हायचा, दर वर्षी तोच तुकडा मिळायचा. सगळे किती प्रेमानं द्यायचे! पण मानाचा तुकडा पाहुण्याला देतात, घरच्या माणसाला नाही, ही गोष्ट तिला दर वर्षी थोडी टोचायची. वॉल्टरला ती कधी बोलली नाही. मूलबाळ नव्हतं, पण दोघांचा संसार मजेत चालला होता. उगाच कशाला खडा टाकायचा?

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वॉल्टर झोपेतच गेला. त्यानंतर एक ऑगस्ट असातसा पार पडला. गेल्या ऑगस्टला पाद्रीबाबा, दोन शेजारी आणि नर्सिंग होममधून चाकाच्या खुर्चीत आणलेली एडना आत्या, एवढीच मंडळी जमली. आत्यानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे तिचं नाव शाबूत होतं. तिनं थरथरत्या हातानं केक कापला. उरलेला बराचसा केक डब्यात भरताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी राहू दे, हनी. कुणासाठी करायचं?"

रॅले शहराजवळच्या कॅरीला राहणारी विनीता तर कधीपासून मागं लागली होती. ती एका औषधाच्या कंपनीत होती आणि सरलाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. "एकटी बाई, फोनबुकात नाव काय ठेवतेस? कॅन्सल कर ते! घर विक आणि सरळ कॅरीला ये. आमच्या शेजारचा टाउनहाऊस रिकामा होतोय. गणपती, दिवाळी, सगळं चालतं इथं. तिकडे त्या माळावर कोण आहे तुझं, यार?"

"ऑगस्टला कुणी आलं नाही तर येते," सरला म्हणाली होती. आणि तिला ते मनापासून वाटतही होतं. माणसंच नसतील तर नाव धरून बसण्यात काय अर्थ होता?

पण मग तिला विनीताच आठवली. लग्नाआधी याच विनीतानं फोनबुकात 'वैरागडे' वाचून तिला फोन केला होता, "तुम्ही मराठी का हो? शनिवारी जेवायला या." त्या काळी नव्या गावात पाऊल ठेवलं की मराठी माणूस आधी फोनबुक उघडून जोशी, देशपांडे शोधायचा आणि बेधडक फोन लावायचा. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणून सगळे एकमेकांच्या घरी जेवून आले होते. सरला मोनगार्टन झाली आणि नव्या मराठी मंडळींना ती सापडेनाशी झाली, ही गोष्ट वेगळी. जे जोश्यांना जमतं ते मोनगार्टनांना का जमू नये?

सुटीच्या दिवशी ती मोठ्या लायब्ररीत गेली. तिथं शहराशहरांची फोनबुकं रांगेनं उभी होती. तिनं ती एकेक काढली, मोनगार्टन सापडला की नंबर उतरवून घेतला आणि घरी येऊन फोनला बसली. एडना आत्याला हे कळलं तेव्हा ती हादरलीच.

"परक्या माणसांना फोन करतेस?"

"परकी कुठं? मोनगार्टनच आहेत की."

"आणि काय बोलतेस त्यांच्याशी?"

"मूळचे कुठले विचारते. मग बोलतात ते आपणहून."

आत्यानं डोळे मिटून घेतले, पण घटकाभरानं हळूच विचारलं, "ओटिसचं कुणी सापडलं का गं?"

रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी सरलाचा फोन वाजला. ग्लेन रॅलेच्या विमानतळावरून बोलत होता. "आम्ही पोचलो. वाटेत दुकान लागेलच. पोटॅटो सॅलड घेऊन येऊ का?"

'बघतो' म्हणणारा माणूस बायकोपोरांसकट आला होता! सरलाला कोण आनंद झाला. "अजिबात नाही! घरी येताय तुम्ही. रिकाम्या हातानं या!"

फोन ठेवला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली.

इकडे या जेवणाला यजमान नसतोच. घरटी एक झाकलेलं भांडं येतं. कुणाचं चिकन, कुणाच्या शेंगा, कुणाचा ॲपल-पाय. ते टेबलावर मांडलं की झालं जेवण. गावातल्या माणसांना हे कधी सांगावं लागलं नव्हतं, म्हणून सरलाच्याही ध्यानात आलं नाही. आमंत्रण द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून तिची आई बोलली. 'येताना भाजी घेऊन या' असं पाहुण्याला म्हणण्यापेक्षा त्या माउलीनं जीव दिला असता. सरलानं टेक्ससपासून ओहायोपर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की काही म्हणजे काही आणायचं नाही. आणि स्वतः केला होता एक केक आणि शेंगांचं एक पातेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिनं कॅरीला फोन लावला.

"विनीता, घोळ झालाय."

"कोणी येत नाहीये का?" विनीताचा आवाज एकदम मऊ झाला.

"येतायत गं! 'बघतो' म्हणाले तेसुद्धा येतायत. पण हात हलवत येतायत. मीच सांगून बसले, काही आणू नका."

विनीता इतकी हसली, की तिच्या नवऱ्यानं, नरेंद्रनं, येऊन काय झालं म्हणून विचारलेलं इकडे ऐकू आलं. "पॉटलकचं आमंत्रण नागपूरच्या लग्नासारखं दिलंस? धन्य आहेस! किती माणसं?"

"पन्नास धर."

"एवढंच? गणपतीला आम्ही दीडशेचं करतो. मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. सावर क्रीमचं श्रीखंड आत्ताच घोटायला घेते. शेजारच्या वसुधाकाकूंना उचलून आणते, पुऱ्या तिथं गरम तळू. रडू नकोस गं."

"रडत नाहीये," सरला रडत रडत म्हणाली.

रविवारी चर्चमागच्या ओकच्या झाडांखाली गाड्या येत राहिल्या. टेक्ससची मंडळी आली, ओहायोची आली, इंडियानातून एक म्हातारं जोडपं आलं. त्यांना आपल्या नावाचं दुसरं कुणी जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. सगळे रिकाम्या हातानं, सांगितल्याप्रमाणे. एकमेकांच्या लांब कानांकडे बघून हसत होते, कारण मोनगार्टनांचे कान लांबच. चर्चच्या बायका मोकळ्या टेबलांकडे बघून हवालदिल झाल्या होत्या. तेवढ्यात नरेंद्रची स्टेशन वॅगन धुरळा उडवत आली आणि तिच्यातून ॲल्युमिनियमचे ट्रे उतरू लागले.

वसुधाकाकूंनी पदर खोचला, कढई शेगडीवर चढवली आणि पुरी टम्म फुगवून दाखवली. इंडियानाचे आजोबा पुरीला बोटानं टोचून म्हणाले, "हा पाव आतून पोकळ कसा?" आणि उत्तराची वाट न बघता चार खाल्ली. पाद्रीबाबांनी मसालेभाताचा पहिला घास घेतला, डोळे पुसले, थंड चहाचा अख्खा पेला रिचवला आणि पुन्हा भात वाढून घेतला. ग्लेन एडना आत्याच्या खुर्चीशी उकिडवा बसून ओटिसच्या गोष्टी ऐकत होता. आत्या त्याचा कान धरून, खरोखरच हातात धरून, बोलत होती.

मग केक आला. सरला त्यात चिमूटभर वेलदोडा घालायची. पहिल्या वर्षी आत्या काही बोलली नव्हती. दुसऱ्या वर्षी भिऊन घातला नाही, तेव्हा तिनं विचारलं होतं, "तो वास कुठं गेला?"

पाद्रीबाबा उभे राहिले. "पहिला तुकडा कुणाचा? सगळ्यात लांबून कोण आलंय?"

"आम्ही कॅलिफोर्नियातून," ग्लेन म्हणाला.

जुने शेजारी हसले. "छे छे! सरलाच्या पुढं कोण जाणार? इंडिया!"

सरलाही सवयीनं हसली आणि बशी घ्यायला पुढं झाली.

एडना आत्यानं सुरीची मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. "ती कुठं आली लांबून? मिल रोडवरून आली. मघाशी मलाच घेऊन आली. फोनबुक उघडा आणि या काउंटीत मोनगार्टन शोधा. फोन हिच्या स्वयंपाकघरात वाजतो. ओटिसच्या नातवाला द्या पहिला तुकडा." मग तिनं सुरी उलटी करून मूठ सरलापुढं धरली. "माझा हात हलतो आता. धर. इथून पुढं तू कापायचंस."

सरलानं सुरी घेतली. तिचं लग्न कोर्टात झालं होतं. उंबऱ्यावर माप ठेवायला कुणी नव्हतं आणि ते ओलांडून आत जाणं राहूनच गेलं होतं. ते आज झालं, असं तिला वाटलं. वॉल्टर असता तर त्याचा जुना विनोद बुडाला म्हणून कुरकुरला असता आणि सगळ्यांत जास्त खूश झाला असता. तिनं केक कापायला सुरुवात केली.

पहिला तुकडा ग्लेनला गेला. मग टेक्सस, ओहायो, इंडियाना. मुलांना दुसऱ्यांदा, वसुधाकाकूंना आग्रहानं. आत्याला मऊ मधला भाग. विनीता बशी घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"काय गं, मग कॅरीच्या टाउनहाऊसचं काय करायचं?"

"पुढच्या वर्षी भात जरा कमी तिखट कर," सरला म्हणाली. "पाद्रीबाबांना सोसवत नाही."

विनीतानं हसून केकचा घास तोंडात टाकला.

सगळ्यांना वाढून झालं तेव्हा ताटात काही उरलं नव्हतं. सरलानं सुरीला चिकटलेली खसखस बोटानं निपटून घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली.